काचेची उंच इमारत उभी कशावर असते, आणि ती हलते तेव्हा नक्की काय होतं

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी ३४ व्या मजल्यावर मीटिंग चालू होती, बाहेर जोराचा वारा सुटलेला, आणि टेबलावरच्या अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीकडे माझं सहज लक्ष गेलं तर पाणी एका कडेला थोडं चढत होतं, मग दुसऱ्या कडेला, अगदी सावकाश, आणि बाटलीला कोणी हातही लावलेला नव्हता. ब्लाइंडची दोरीसुद्धा त्याच तालात डोलत होती. मी शेजारच्याला खूण केली, त्याने बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं आणि मीटिंग तिथेच थांबली. नंतर लिफ्टपाशी बिल्डिंगचा मेंटेनन्स बघणारा माणूस भेटला, त्याला विचारलं तर म्हणाला, "आज वारा आहे ना मॅडम, रात्रीपर्यंत कमी होईल." त्याला त्यात वेगळं सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

मला मात्र ते पाणी डोळ्यासमोरून जाईना. तेव्हापासून जे मिळेल ते वाचलं, स्ट्रक्चरल इंजिनियर असलेल्या एका मैत्रिणीला भंडावून सोडलं, आणि जे कळलं ते इथे साध्या शब्दांत मांडतेय कारण अशा इमारतींत रोज लाखो लोक जातात आणि त्यांना याबद्दल कोणी काही सांगत नाही. मुख्य गोष्ट आधीच सांगते. बाहेरून जे दिसतं, ती काच, तो चकचकीतपणा, त्यातलं जवळजवळ काहीच इमारतीला उभं ठेवत नसतं. उभं ठेवणारं सगळं आत झाकलेलं असतं, आणि त्याचा आकार काय, ते किती जाड, कुठे बसवायचं हे मुख्यतः वारा ठरवतो.

काच काहीच पेलत नाही

छत्री उघडून बघा. नजरेत भरतं ते कापड, पण छत्री टिकते ती दांड्यावर आणि काड्यांवर, कापड नुसतं ताणून बसवलेलं. काचेच्या टॉवरचंही तसंच. आत खांब, तुळया आणि मधोमध काँक्रीटचा गाभा, आणि प्रत्येक मजल्याच्या कडेला ब्रॅकेट लावून काचेच्या चौकटी अडकवलेल्या. या अडकवलेल्या भिंतीला कर्टन वॉल म्हणतात, म्हणजे पडद्यासारखी भिंत. ऊन-पाऊस-वारा बाहेर ठेवायचा, अंगावर आलेला वाऱ्याचा दाब मजल्यांकडे पोचवायचा आणि स्वतःचं वजन सांभाळायचं, एवढंच तिचं काम.

पूर्वी असं नव्हतं, भिंतीच सगळं वजन घ्यायच्या. शिकागोमध्ये मोनॅडनॉक बिल्डिंग नावाची १८९१ ची इमारत अजून उभी आहे, विटांच्या भिंतींची, १६ मजली, आणि तळाशी तिची भिंत १.८ मीटर जाड आहे, म्हणजे उंच माणूस त्या जाडीत आडवा झोपेल. अजून वर जायचं म्हटलं असतं तर तळमजल्यावर भिंतीच भिंती झाल्या असत्या, दुकानाला जागाच उरली नसती. गंमत म्हणजे त्याच शहरात १८८५ मध्येच विल्यम ले बॅरन जेनी या इंजिनियरने होम इन्शुरन्स बिल्डिंग धातूच्या सांगाड्यावर उभी केली होती, १० च मजले, पण बहुतेक लोक जगातली पहिली स्कायस्क्रेपर हिलाच मानतात. वजन सांगाड्यावर गेलं आणि भिंत मोकळी झाली. पुढे काच आली ती या मोकळ्या झालेल्या जागेत.

जे दिसतं ते पेलत नाही याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कची सीग्रॅम बिल्डिंग, १९५८ ची, ३८ मजली, आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहने केलेली. हिच्या दर्शनी भागावर कांस्याच्या उभ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत गेल्यात, बघणाऱ्याला वाटतं हाच सांगाडा. पण आगीच्या नियमांमुळे खरं पोलाद काँक्रीटमध्ये लपेटावं लागलं होतं, ते बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं, आणि मीसला तर सांगाडा दिसायला हवा होता, म्हणून त्याने बाहेरून या पट्ट्या लावल्या. आतल्या सांगाड्याचं ते बाहेर काढलेलं चित्र आहे. त्यानंतर जगभरच्या ऑफिसांनी हाच चेहरा उचलला.

लिफ्ट नसती तर हे सगळं कागदावरच राहिलं असतं

सांगाडा कितीही उंच जाऊ दे, पाच-सहा मजल्यांच्या वर रोज जिने चढून कोण जाणार. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात एलिशा ओटिस फळीवर उभा राहून वर गेला आणि त्याने दोर कापायला लावला, फळी थोडी घसरली आणि ब्रेक लागून अडकली. त्यानंतर लोकांचा लिफ्टवर विश्वास बसायला लागला. पण लिफ्ट जागा खाते, मजले वाढतील तशा लिफ्ट वाढतात आणि त्यांचे खड्डे प्रत्येक मजल्यातून आरपार जातात, म्हणून खूप उंच टॉवरमध्ये फास्ट आणि स्लो गाडीसारखी सोय असते: मोठी लिफ्ट थेट मधल्या एका मजल्यावर सोडते, तिथे उतरून छोटी लिफ्ट पकडायची.

वजनाचं जमतं, वाऱ्याचं अवघड आहे

आपल्याला वाटतं एवढी मोठी इमारत म्हणजे वजनाचाच प्रश्न असणार. वजनाचा हिशोब मात्र त्या मानाने सरळ आहे, ते सरळ खाली जातं, मजला वाढला की खालचे खांब थोडे जाड करायचे आणि पाया त्या मानाने खोल. वारा मात्र बाजूने येतो.

एक फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरच्या टोकाला बोटाने ढकला. मग दुप्पट लांबीची पट्टी घेऊन तसंच करा, तळाशी धरलेल्या हाताला फरक लगेच कळतो. इमारत दुप्पट उंच केली की वारा अडवणारं अंगही दुप्पट होतं आणि तो ढकलतोही दुप्पट लांबून, म्हणजे वारा तेवढाच धरला तरी बुडाशी इमारत उलथवणारा जोर चौपट. त्यात उंचावर वारा जास्त वेगाने वाहतो, आणि वेग दुप्पट झाला की दाबसुद्धा चौपट. म्हणजे उंची वाढते त्यापेक्षा अडचण कितीतरी पटीने वाढते.

यावर ज्याने सगळ्यात मोठं काम केलं तो माणूस आपल्या शेजारचा, फझलुर खान, १९२९ मध्ये ढाक्यात जन्मलेला, पुढे शिकागोच्या स्किडमोर ओविंग्ज अँड मेरिल या फर्ममध्ये. त्याचा विचार समजायला एक कोरा कागद पुरेसा आहे. कागद उभा करायला गेलात तर लगेच लवतो. त्याचीच सुरळी करा, उभी राहते आणि वरून पुस्तकसुद्धा ठेवता येतं, कागद तेवढाच. खान म्हणाला की ताकद आतल्या खांबांमध्ये विखरून ठेवण्याऐवजी इमारतीच्या बाहेरच्या कडेला आणा, सगळी इमारतच एक पोकळ नळी करा. शिकागोच्या १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटरच्या (१९६९) अंगावर मोठमोठ्या फुल्या दिसतात त्या शोभेच्या नाहीत, ती नळी आवळून धरणारे पट्टे आहेत. परिणाम आकड्यांत बघा: १९३१ च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला साधारण २०६ किलो पोलाद लागलं होतं, हॅनकॉकला साधारण १४५. पुढे सिअर्स टॉवरला (४४२ मीटर) त्याने अशा नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधली आणि वर जाताना एकेक नळी मधेच थांबवली, म्हणून तो टॉवर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. एक काठी मोडते, मोळी मोडत नाही हे आपण लहानपणी ऐकलेलंच असतं.

आजकालच्या ऑफिस टॉवरमध्ये बहुधा दुसरी पद्धत असते. मधोमध काँक्रीटचा जाड गाभा, त्याला कोर म्हणतात, लिफ्ट-जिने-टॉयलेट सगळं त्याच्या पोटात. पण नुसता कोर म्हणजे चालत्या बसमध्ये काही न धरता उभा असलेला माणूस. मग त्याने दोन्ही हात पसरून दोन्ही बाजूचे दांडे धरले की कसा स्थिर होतो, तसे कोरमधून दोन-चार ठिकाणी भक्कम हात काढून बाहेरच्या खांबांना जोडतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. रस्त्यावरून बघताना काचेच्या मधेच एखादा काळपट जाळीचा पट्टा दिसला ना, तो बहुतेक वेळा मशिनरीचा मजला असतो, एसी, पंप वगैरे, आणि हे हात बऱ्याचदा तिथेच लपवलेले असतात.

वारा नुसता ढकलत नाही, झुलवतो

हे मला अजिबात माहीत नव्हतं आणि कळल्यावर ते बाटलीतलं पाणी एकदम उमगलं. नदीत पुलाच्या खांबामागे पाणी बघा, एकदा डावीकडून भोवरा सुटतो, एकदा उजवीकडून, आळीपाळीने. इमारतीमागे वाऱ्याचेही असेच भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा तिला बाजूला ओढतो. म्हणजे वारा समोरून आला तरी इमारत डावी-उजवी हलते. आता झोक्यावर बसलेल्या पोराला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं तर झोका केवढा वर जातो, जोर लागत नाही, वेळ जुळावी लागते. इमारतीचाही स्वतःचा असा झुलायचा ताल असतो, एका खेपेला काही सेकंद, आणि भोवऱ्यांचा ताल त्याच्याशी जुळला की साधा वारासुद्धा जड जातो.

म्हणून खूप उंच टॉवर वरवर जाताना आकार बदलतात. लोकांना वाटतं आर्किटेक्टची हौस, आणि थोडी असेलही, पण दर काही मजल्यांनी रुंदी बदलली की भोवरे प्रत्येक उंचीवर वेगळ्या तालात सुटतात आणि एकत्र येऊन ढकलू शकत नाहीत. ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा याच कारणाने पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जातो. ६३२ मीटरचा शांघाय टॉवर खालून वरपर्यंत साधारण १२० अंशात पिळलाय, छोटी मॉडेल वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासल्यावर दिसलं की या पिळामुळे वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी कमी होतो.

हलते म्हणता, मग पडणार नाही कशावरून?

हा प्रश्न मी मैत्रिणीला तीनदा तरी विचारला असेल. तिचं म्हणणं असं की हलणं आणि पडणं यात खूप अंतर ठेवलेलं असतं, सर्वसाधारण ठोकताळा म्हणजे मोठ्या वाऱ्यातही माथा उंचीच्या पाचशेव्या भागाच्या आसपासच सरकावा, २५० मीटरच्या इमारतीला अर्धा मीटर. पोलाद-काँक्रीटला यात काही होत नाही. आधी त्रास होतो तो माणसांना, डोकं जड होतं, मळमळतं. त्यामुळे खूपदा इमारत ताठ करतात ती आतल्या माणसांच्या पोटासाठी.

त्यासाठी एक उपाय म्हणजे डॅम्पर, हलणं शोषून घेणारं वजन. तैपेई १०१ (५०८ मीटर) मध्ये ८७ ते ९२ मजल्यांच्या दरम्यान ६६० टनांचा, साडेपाच मीटर व्यासाचा पोलादी गोळा जाड दोरांनी टांगलाय, आणि लोकांना तो जवळून बघता येतो. पोलादाच्या चकत्या एकावर एक ठेवून तो बनवलाय, त्यामुळे त्याच्या अंगावर कडा दिसतात, आणि खाली चहूबाजूंनी गाडीच्या शॉक अब्सॉर्बरसारखे तेलाचे दट्टे. इमारत एकीकडे झुकली की गोळा मागे राहतो, म्हणजे उलट बाजूला ओढतो, आणि दट्टे ती हालचाल उष्णतेत जिरवतात. झोक्याला चुकीच्या वेळी धक्का दिला की झोका मंदावतो, तेच. ऑगस्ट २०१५ च्या सौदेलोर वादळात हा गोळा एक मीटर सरकला होता. एवढं वजन दोरावर टांगून तिथे रोज पर्यटक नेण्याची हिंमत ज्यांनी हिशोब केला त्यांच्या हिशोबातून येते, आणि मला खरंच त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

पण हिशोबच चुकला तर?

चुकलाय, आणि तो किस्सा सगळ्यांनी ऐकायला हवा. न्यूयॉर्कचं सिटीकॉर्प सेंटर, १९७७, ५९ मजले, २७९ मीटर. प्लॉटच्या एका कोपऱ्यात चर्च होतं, त्याची जागा ठेवायची होती, म्हणून इमारतीचे पाय कोपऱ्यांत घ्यायच्या ऐवजी चारही बाजूंच्या मधोमध घेतले, नऊ मजले उंच. टेबलाचे पाय कोपऱ्यातून काढून कडांच्या मध्यावर लावले असं समजा. स्ट्रक्चरल इंजिनियर विल्यम लमेझुरिअरने वजन त्या पायांकडे नेणारी तिरक्या पट्ट्यांची हुशार रचना केली.

१९७८ मध्ये त्याच्याच लक्षात आलं की वारा सपाट बाजूवर सरळ आला तर ठीक, पण कोपऱ्यावर तिरका आला तर काही पट्ट्यांवरचा जोर ४० टक्क्यांनी वाढतो, आणि बांधताना त्या पट्ट्यांचे सांधे वेल्डिंगच्या ऐवजी बोल्टने जोडले गेले होते, ते तेवढे पक्के नव्हते. नियमांत तेव्हा फक्त सरळ वारा तपासायला सांगितलं होतं. या इमारतीलाही डॅम्पर होता, पण तो विजेवर चालायचा, आणि वादळात वीज गेली तर? त्याचा हिशोब असा निघाला की डॅम्पर बंद असेल तर सरासरी दर १६ वर्षांनी येणारं वादळसुद्धा धोक्याचं ठरेल.

त्याने मालकांना जाऊन सांगितलं. मग रात्री ऑफिस रिकामं झालं की वेल्डर आत शिरायचे, भिंतीचं आवरण उचकटायचं, दोनशेच्या वर सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या बसवायच्या आणि सकाळी लोक यायच्या आत सगळं झाडून-पुसून ठेवायचं. काम चालू असतानाच सप्टेंबरच्या सुरुवातीला एला नावाचं चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघालं होतं, इमारतीचा परिसर रिकामा करायचा बेतसुद्धा तयार होता, पण ते समुद्राकडे वळलं. धोका खरंच एवढा होता का यावर नंतरच्या इंजिनियरांनी वाद घातलेत. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. आतल्या आणि आसपासच्या लोकांना तेव्हा कोणी काही सांगितलं नाही, सगळी हकीकत लोकांसमोर आली ती १९९५ मध्ये. इंजिनियरने चूक स्वतःहून कबूल केली याचं कौतुक होतं आणि व्हायलाही हवं, पण ज्यांचा जीव टांगणीला होता त्यांना सतरा वर्षं अंधारात ठेवलं हे कुठल्याही हिशोबात बसत नाही.

सगळी काचच कशाला, तापत नाही का?

तापते. काच हलकी, पातळ, कारखान्यात चौकटीसकट तयार होऊन येते, झपाट्याने बसते, आत उजेड येतो आणि बाहेरचा देखावा दिसला की भाडं जास्त मिळतं, ही कारणं. पण सूर्याची उष्णता आत घेते आणि मग एसी दिवसभर चालवावा लागतो. आता दुहेरी काचा असतात, मध्ये हवा किंवा वायू कोंडलेला, आणि काचेवर उष्णता परतवणारा डोळ्याला न दिसणारा थर. त्याने बराच फरक पडतो, पण चांगल्या भिंतीची बरोबरी काच करत नाही आणि करते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

काच स्वतःही अवघड वस्तू आहे. बोस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरच्या (नाव सारखं, इमारत वेगळी) १०,३४४ काचांपैकी कितीतरी १९७३ मध्ये तडकून खाली यायला लागल्या, एकेक काच सव्वादोनशे किलोची. जिथे जिथे काच गेली तिथे प्लायवूड ठोकलं, रस्ते बंद केले. कारण सापडलं ते एवढंसं: दुहेरी काचेचा जोड इतका कडक होता की वाऱ्याने आणि तापमानाने काच हलायची तेव्हा ताण सोसायला जोड जरासुद्धा लवत नव्हता. शेवटी सगळ्याच्या सगळ्या काचा बदलल्या. आणि लंडनच्या २०, फेनचर्च स्ट्रीटची काचेची बाजू आतल्या अंगाने वाकलेली, २०१३ मध्ये तिने भिंगासारखं ऊन गोळा केलं आणि रस्त्यावर उभ्या गाडीचे भाग वितळले. पुढच्या वर्षी तिथे ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

आग लागली तर एवढ्या उंचीवरून उतरायचं कसं?

शिडी तिथवर पोचत नाही, त्यामुळे सगळा भरवसा इमारतीच्या आतल्या सोयींवर. चांगल्या टॉवरमध्ये जिना काँक्रीटच्या कोरमध्ये असतो आणि आग लागली की पंखे त्यात हवा भरतात, आतला दाब थोडा जास्त राहतो, दार उघडलं तरी धूर आत येण्याऐवजी हवा बाहेर जाते. काही मजल्यांनंतर आसऱ्याचा मजला किंवा जागा असते. आणि सगळ्यांना एकदम उतरवत नाहीत, आधी आगीचा मजला आणि त्याच्या वरचे-खालचे, बाकीचे थांबतात, म्हणून ड्रिलमध्ये "तुम्ही थांबा" असं सांगितलं तर चिडू नका. जिन्याचं दार वीट किंवा खुर्ची लावून उघडं ठेवलेलं दिसलं तर मात्र ताबडतोब बंद करा, त्या एका दाराने हवेचा सगळा दाब निघून जातो.

एवढं उंच बांधायचंच कशाला?

जमीन महाग, हे उत्तर अर्धंच खरं आहे. एका मर्यादेनंतर कोर, लिफ्ट, खांब एवढी जागा घेतात की वाढवलेल्या मजल्याचा खर्च भाड्यातून निघणं कठीण होतं, मग त्याच्या वरची उंची नावासाठी असते. बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटरपैकी वरचे सुमारे २४४ मीटर माणसांच्या वापरातच नाहीत. आणि पोलाद-सिमेंट बनवताना जो कार्बन हवेत जातो तो इमारत उघडण्याच्या आधीच गेलेला असतो, नंतर कितीही वीज वाचवा.

घरून काम सुरू झाल्यापासून अनेक शहरांत ऑफिसांच्या टॉवरमध्ये बरीच जागा रिकामी पडलीय आणि लोक विचारतात की मग तिथे घरं का नाही करत. अडचण मजल्याच्या खोलीची आहे. ऑफिसमध्ये खिडकीपासून कोरपर्यंत बारा-चौदा मीटर अंतर चालतं, मध्ये बसणाऱ्याला ट्यूबलाइट पुरते. घराला प्रत्येक खोलीत उजेड लागतो, मग मधला मोठा पट्टा अंधारातच राहतो. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ सगळे कोरपाशी, प्रत्येक घराला स्वयंपाकघर-बाथरूम द्यायचं म्हणजे मजल्यांना भोकं पाडत बसायचं, आणि ती कुठेही पाडून चालत नाहीत. खिडक्या तर उघडतच नाहीत. जुन्या, कमी रुंदीच्या, काचेचं युग यायच्या आधीच्या ऑफिसांची घरं त्यामानाने सहज होतात, कारण तेव्हा ट्यूबलाइट आणि एसी नव्हते आणि प्रत्येक टेबल खिडकीजवळ ठेवावंच लागायचं.